येशूचे देवत्व नायसियात ठरले नाही

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. येशू हा केवळ एक यहुदी उपदेशक होता. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने 325 साली नायसिया (आजच्या तुर्कस्तानात) येथे धर्मपरिषद भरवून मतदानाने त्याला देव ठरवले आणि बायबलमधील ग्रंथही तिथेच निवडले, असे त्याचे सार आहे. यातील परिषद, साल आणि सम्राट खरे आहेत. बाकीचे पुराव्यापुढे टिकत नाही.

आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र (बायबलच्या नव्या करारातील एक पुस्तक) परिषदेच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीचे आहे. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्या येशूने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरणही पत्करले, असे त्याच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. पौल हे पटवून देत बसत नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. वाचकांना ते ठाऊकच आहे असे धरून, त्याच्या आधारे तो त्यांना नम्रतेने वागायला सांगतो.

बाहेरची साक्षही आहे. इ.स. 112 च्या सुमारास रोमन लेखक धाकटा प्लिनी बिथिनिया प्रांताचा अधिकारी होता, आणि नायसिया याच प्रांतातले शहर. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, असे त्याने सम्राट ट्रेजनला कळवले. ही माहिती खरी आहे का हे पाहण्यासाठी त्याने मंडळीत सेविका असलेल्या दोन दासींचा छळ केला होता. ज्या श्रद्धेपायी माणसे छळ सोसत होती, ती दोनशे वर्षांनंतर एखाद्या सम्राटाने निर्माण केली असे कसे म्हणता येईल?

मग नायसियात वाद होता तरी कशाचा? इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस येशूला केवळ माणूस मानत नव्हता. तो जगाच्या आधीचा, परंतु देवपित्याने निर्माण केलेला आहे, असे त्याचे म्हणणे होते. परिषदेने हे नाकारून, येशू निर्मिलेला नसून पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असा विश्वासांगीकार (श्रद्धेचे अधिकृत निवेदन) स्वीकारला. उपस्थित बिशपांची संख्या परंपरेने 318 सांगतात. अखेरपर्यंत विश्वासांगीकार नाकारणारे दोघेच होते, लिबियाचे बिशप सेकुंडस आणि थिओनस. सम्राटाचा दबाव होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच कॉन्स्टंटाइनने पुढे एरियसला परत बोलावले, 335 साली एरियसचा कट्टर विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याला ट्रिअरला (आजच्या जर्मनीत) हद्दपार केले, आणि 337 साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर नायसियाच्या विरोधकांनाच बळ देत राहिला. सम्राटांच्या मर्जीवर चालले असते, तर नायसियाचा निर्णय तेव्हाच पुसला गेला असता.

बायबलच्या ग्रंथांविषयी परिषदेने केलेल्या 20 नियमांत एकही नियम नाही.

अथनेशियसचा आग्रह समजून घ्यायचा तर त्याचा प्रश्न पाहावा लागतो: जो स्वतःच निर्मिलेला आहे तो निर्मितीला मरणातून सोडवून देवापाशी कसा नेणार? मशीहाचे, म्हणजे देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याचे, कार्य केवळ उपदेश करण्याचे असते, तर एखादा संदेष्टा पुरेसा होता. पण ‘पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून देणे’ हे त्याच्या येण्याचे कारण मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, आणि म्हणूनच नायसियाच्या विश्वासांगीकारात तो ‘आम्हां मनुष्यांसाठी व आमच्या तारणासाठी’ खाली उतरला, हे शब्द आले. ही श्रद्धा कोणाला मान्य असेल, कोणाला नसेल. पण तिची चर्चा व्हायची ती पहिल्या शतकातील लेखनावरून व्हायला हवी.