वाळूचं वय

"याच्यापेक्षा आधीचं पाणी बरं होतं हो," काल स्विमिंग पुलाच्या काठावर पाय हलवत काका म्हणाले आणि माझ्या कंबरेत एक कळ गेली. याच कंबरेच्या जोरावर फिल्टरमध्ये नवी वाळू आली आहे, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. कारण ती भरली जात असताना ते आदिपासून अंतापर्यंत तिथेच उभे होते. खांद्यावर टॉवेल, कपाळावर गॉगल आणि जिभेवर प्रश्न.

हे काम माझ्याकडे कसं आलं, तर सभेत "पुलाचं कोण बघणार?" असं विचारलं गेलं तेव्हा बाकी सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते आणि मी नेमका समोर बघत होतो. एवढंच.

फिल्टरची वाळू साधारण ५ ते ७ वर्षांनी बदलतात. आमची त्याच्या पलीकडे गेली होती. बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतली, की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली यायचा, पाठ फिरवली की परत वर. टाकी उघडली तर आत वाळूचे चिकट गोळे, आणि गोळ्यांच्या मधल्या वाटांनी पाणी न गाळता खुशाल निसटत होतं. टाकीचं तोंड अरुंद, फावडं आत जाईना, म्हणून मगाने उपसायला बसलो. तळाशी बारीक फटींच्या नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. त्यातली एक जरी मोडली तरी वाळू थेट पुलात. म्हणून शेवटचा थर हातानेच. खांद्यापर्यंत हात आत आणि गाल टाकीला टेकलेला, अशा अवस्थेत असताना काका आले.

"काय काढताय?"

"वाळू."

"का बरं?"

"खराब झालीय."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाळूचं वय किती असतं, कल्पना आहे?"

मी गाल उचलला नाही.

"लाखो वर्षं! डोंगर झिजतात, तेव्हा कुठे वाळू होते. इतकी वर्षं तिला काही झालं नाही आणि तुमच्याकडे आल्यावर पाच-सात वर्षांत खराब झाली?"

बोलण्याचा सूर असा, की कोणीतरी विश्वासाने सोपवलेली वाळू मी उपाशी ठेवली.

"वाळूला काही होत नाही काका, ती बरबटते. अंगाची क्रीमं, केसांचं तेल, पाण्यातला चुना..."

"मग धुऊन घ्या."

"धुतोच की. बॅकवॉश म्हणजे तेच. पाणी उलटं सोडून मळ बाहेर काढायचा."

"साबण लावून?"

मी हातातला मग भरला. काका मागे हटले, पण विषयावरून नाही. पलीकडे बांधकामाच्या वाळूचा ढीग पडलाय, तो का वापरत नाही, असा पुढचा प्रश्न. फिल्टरची सिलिका वाळू एकसारख्या दाण्याची लागते, ०.४५ ते ०.५५ मिलिमीटरची. बांधकामाच्या वाळूत माती असते, बारीक दाणे फटींतून पुलात जातात, हे सगळं मी सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

"चाळून घ्यायची."

"कोण चाळणार?"

"तुम्ही," काका सहज म्हणाले.

नवी वाळू ओतण्याआधी मधल्या उभ्या पाइपच्या तोंडाला पिशवी बांधायची, म्हणजे दाणे आत जात नाहीत. टाकी अर्धी पाण्याने भरायची, म्हणजे वरून पडणाऱ्या वाळूचा मार लॅटरलना बसत नाही. "आता पाणी भरताय? मघाशी कोरडी करत होता ना? एक काय ते ठरवा," इति काका. सुदैवाने सिलिकाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावावा लागतो, आणि मास्कमधून उत्तर देता येत नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. त्या दिवसातला तेवढाच सुखाचा काळ. काकांनी माझं मौन म्हणजे संमती धरली आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला हात घातला. पंप चालू असताना तो दांडा फिरवला तर आतलं गॅस्केट फाटतं. मी मास्कमधूनच ओरडलो. "नुसतं बघतोय हो!" म्हणे.

आता चीड आणणारी गोष्ट. आधीचं पाणी बरं होतं, हे काका म्हणाले ते खरं आहे. कोरी वाळू सुरुवातीला थोडं कमीच गाळते. दाण्यांमधल्या मोकळ्या जागांत जरा मळ बसला, की मगच ती त्याहून बारीक मळ अडवू लागते. म्हणून तर गेज स्वच्छ वाळूच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (हे दाबाचं माप) वर जाईपर्यंत बॅकवॉश करायचा नसतो. रोज सकाळी उत्साहाने बॅकवॉश करणारे लोक असतात. ते पाणी वाया घालवतात आणि वाळूला कामाला लागूच देत नाहीत. पण हे काकांना सांगायचं कसं? "नवी वाळू थोडी मळावी लागते" म्हटलं, की "मग मळलेली काढली कशाला?" हे ठरलेलं. थोडं मळणं आणि गोळे होणं यातला फरक समजावून सांगायची ताकद माझ्या कंबरेत उरलेली नाही. काहीच माहिती नसताना माणूस बरोबर कसा ठरू शकतो?

आणि ते गोळे कशाचे झाले, हे एकानेही विचारलेलं नाही. पाणी गढूळ दिसलं की सगळ्यांची बोटं फिल्टरकडे, म्हणजे माझ्याकडे. पुलाशेजारी शॉवर आहे. त्यावर "आधी अंघोळ, मग पोहणे" अशी ठळक पाटी आहे. शॉवरखालची फरशी मात्र कायम कोरडी ठणठणीत; लोक तिथे चपला काढतात. काल मी काकांना पाटी दाखवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"पाण्यातच तर जायचंय," ते म्हणाले, "मग आधी भिजून काय उपयोग?"

आणि सूर मारला. तेल थापलेलं डोकं आधी आत गेलं.