सगळं कच्चं, पण चिरायचं कुणी?

कट्ट्यावर फुकटचा चहा नाकारणं हा दखलपात्र गुन्हा आहे. पम्याने तो परवा सगळ्यांच्या देखत केला आणि वर कारणही दिलं, "उकळलेलं काही घेत नाही मी आता."

अण्णांनी पेपरची घडी घातली. म्हणजे आता ते सवडीने बोलणार.

"आजारी आहेस का?"

"नाही अण्णा. रॉ फूड सुरू केलंय. फळं, पालेभाज्या, मोड, बिया, सुकामेवा. ४२ अंशांच्या वर तापवलेलं काही खायचं नाही. काही लोक ४८ पर्यंत चालवून घेतात, पण मी ४२."

"४२ अंश म्हणजे सणसणीत ताप रे. तेवढा चढला की माणूस बरळायला लागतो. तुझा किती आहे?"

सगळे हसले म्हटल्यावर गोट्या पम्याच्या बाजूने उतरला. या माणसाने स्वतःहून गाजरही कच्चं खाल्लेलं मी पाहिलेलं नाही, पण वाद दिसला की तो पॅड बांधून तयार असतो. "हसू नका. हे काही कालचं खूळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये बिर्शर-बेनर नावाचा डॉक्टर होऊन गेला. झ्युरिकला १९०४ मध्ये आरोग्यधाम काढलं त्याने, रोग्यांना कच्चं खायला घालायचा. म्युस्ली त्याचीच."

"त्या म्युस्लीत काय होतं, माहितीये?" ही नीलू. नीलू आहारतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांना काय खा ते सांगून दमते, म्हणून कट्ट्यावर सहसा त्या विषयावर तोंड उघडत नाही. परवा राहवलं नाही तिला. "किसलेलं सफरचंद होतं, भिजवलेले ओट्स होते, बरोबर आहे. पण त्यात आटवलेलं डबाबंद दूधही होतं. ते न तापवता कसं आटवलं असेल?"

गोट्या गप्प. पम्या मात्र हातातल्या छोट्या डबीतून एकेक काजू तोंडात टाकत होता. नीलूने डबीकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"कच्चे आहेत. पाकिटावर लिहिलंय."

"काजूच्या टरफलात कातडी भाजून काढणारं तेल असतं. ते टरफल फोडण्याआधी बिया वाफवतात नाहीतर भाजतात. दुकानात 'कच्चे' म्हणून मिळतात ते जवळजवळ सगळे एकदा तापून आलेले असतात."

पम्याने डबी बंद केली. थोड्या वेळाने परत उघडली आणि उरलेले खाल्ले.

मग अर्धा तास जुंपली ती विज्ञानावर. पम्याचं म्हणणं, शिजवलं की अन्नातली एन्झाइम मरतात, अन्न निर्जीव होतं. नीलू म्हणाली, एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. शेगडीवर नाही मेली तर जठरातल्या आम्लात मोडतातच, आणि पचनाला लागणारी एन्झाइम आपलं शरीर स्वतः बनवतं. पण मला आवडलं ते हे, की तिने पम्याला सरसकट झोडपलं नाही. कोबी, ब्रोकोली यांच्यात एक एन्झाइम असतं, ते चिरताना आणि चावताना कामाला लागतं आणि त्यातून उपयोगी पदार्थ तयार होतात. फार शिजवलं की ते जातं. लसणाचंही तसंच, ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला तर बरं. सी जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि उकळून पाणी ओतून दिलं तर आणखी जातं. "तेव्हा कच्चं खाण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "सगळंच कच्चं खाण्यात नाही."

"टोमॅटो घे. ८८ अंशांवर अर्धा तास तापवला तर त्यातलं सी जीवनसत्त्व साधारण २९ टक्के कमी झालं, पण शरीराला मिळू शकणारं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, दीडपटीहून जास्त वाढलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात केलाय हा प्रयोग, २००२ मध्ये. आता तूच ठरव, टोमॅटो कसा खायचा."

"अर्धा असा, अर्धा तसा," अण्णा म्हणाले. अण्णांचं सगळ्याच प्रश्नांना हे उत्तर असतं, या वेळी ते बरोबर होतं इतकंच.

गोट्याने दुसरी बाजू लावली. कच्चं खाऊन पम्याचं पोट कमी झालंय, ते काय उगाच? नीलूने मोबाईलवर हिशेब करून दाखवला. शंभर ग्रॅम सफरचंदात साधारण ५२ कॅलरी. दिवसाला २००० लागतात असं धरलं तर जवळपास चार किलो सफरचंदं. काकडीवर जगायचं ठरवलं तर तेरा किलो. "म्हणून पोट उतरतं. चावून जबडा दुखायला लागतो, पण आकडा गाठता येत नाही. मग बदाम-काजूंचे बकाणे भरायचे, बदाम शंभर ग्रॅमला पावणेसहाशेच्या पुढे जातात."

"जबडा खरंच दुखतो," पम्या हळूच म्हणाला.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. "हिलाही सांगितलंय, तू पण कर," असं पम्या म्हणाला आणि नीलूचा सूर बदलला. जर्मनीत गीसनला पाचशेहून जास्त कच्चाहारी लोकांची पाहणी झाली होती, १९९९ मध्ये ती छापून आली. पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा बंदच पडली होती. चारांतली एक बाई प्रमाणाबाहेर हडकुळी. "आणि फक्त वनस्पतींवर असशील तर बी-१२ चं काय? ते कच्च्यातही नाही आणि शिजलेल्यातही नाही. गोळी घ्यावी लागते. आधी रक्त तपास, मग वहिनीला शिकव."

पम्याने मोडांचा विषय काढला. मोड आले की कडधान्य कच्चं चालतं, असं त्याचं ठाम मत. ऐकून नीलूने कपाळाला हात लावला.

"राजमा भिजवलायस का कधी?"

"आजच भिजवलाय."

"टाकून दे, नाहीतर आईंना दे शिजवायला. राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगला खळखळून दहा मिनिटं तरी उकळायलाच हवा. कोमट ठेवलास तर उलट आणखी वाईट. तुझ्या ४२ अंशांत तो कधीच बसणार नाही."

मूग-मटकीचं काय मग, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते मोठ्या, धडधाकट माणसाला चालतात, पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला, जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त गेली. वरून कितीही धुतलं तरी बीच दूषित असेल तर उपयोग नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना मोड वाफवूनच द्यावेत. यावर पम्याचा चेहरा पडला, कारण लेकीच्या डब्यात तो गेला आठवडाभर तेच भरत होता.

आणि लेकीच्या डब्यावरून गाडी घराकडे वळली. माझ्या मते खरी चर्चा इथून पुढची. आधीचं सगळं कुणालाही वाचून कळतं.

पम्याच्या घरी आई-वडील, तो, वहिनी आणि शाळेत जाणारी मुलगी. स्वयंपाक आई आणि वहिनी मिळून करतात. पम्याने एका सकाळी जाहीर केलं की आजपासून माझं वेगळं. त्याला वाटलं होतं, घरच्यांचं काम कमी होईल. एका माणसाचं शिजवायला नको.

"झालं का कमी?" अण्णांनी विचारलं.

"तसं... ही म्हणते, तुझा गॅस वाचला पण सिंक दुप्पट भरतंय."

मी एकदा संध्याकाळी सातला त्याच्याकडे गेलो होतो, म्हणून मला चित्र माहीत आहे. ओट्याच्या एका टोकाला कुकर. दुसऱ्या टोकाला मिक्सरची तीन भांडी, हिरव्या रसाने माखलेली चाळणी, ओल्या फडक्यात बांधलेले मोड, बिटाच्या सालींनी गुलाबी झालेला पाट. मध्ये वीतभर जागा, तिथे आई कणीक मळत होती. फ्रिजचा खालचा कप्पा पालेभाजीने इतका गच्च की दुधाचं पातेलं कुठे ठेवायचं यावरून रोज खटका.

"आणि चिरून कोण देतं?" हा प्रश्न नीलूचा.

पम्या रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागला.

"पम्या."

"हिचं ऑफिस लवकर सुटतं ना..."

मग जो गलका झाला तो लिहिण्यासारखा नाही. गोट्यानेसुद्धा पक्ष सोडला. नैसर्गिक आहार कुणाचा, आणि सोलणं, किसणं, चिरणं कुणाच्या गळ्यात! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"बरं, आई काय म्हणते?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही. तोच तर ताप आहे. अजून पाच जणांच्याच मापाने लावते. मी सांगितलं तरी. म्हणते, ऐनवेळी भूक लागली तुला तर?"

"उरतं त्याचं काय होतं?"

"सकाळी खाते ती."

अण्णा इतका वेळ थट्टेत होते. आता नाही. "म्हणजे तू ताजं खाणार आणि तुझ्या वाटचं शिळं तुझी आई खाणार. आरोग्य सुधारतंय कुणाचं यात?"

गोट्या म्हणाला, मग काय त्याने आईच्या समाधानासाठी न पटणारं खायचं? माणसाला स्वतःच्या ताटातही मुखत्यारी नाही? प्रश्न रास्त आहे आणि अण्णांनाही तो उडवून लावता आला नाही. मोठ्या माणसाने काय खावं हे त्याचं त्याने ठरवावं, यावर कट्ट्याचं एकमत आहे. पण मला वाटतं, घरात ठिणगी पडते ती त्याच्या ताटातल्या कोबीमुळे नाही. ती पडते तोंडातल्या प्रवचनामुळे. पम्या जेवायला बसल्यावर वडिलांच्या वाटीकडे बघून म्हणतो, "बाबा, यात आता काही राहिलेलं नाही." ज्या बाईने तासभर उभं राहून ते केलं, ती शेजारी बसलेली असते. कुणीही दुखावेल. शिवाय तो वेगळ्या वेळी, टीव्हीसमोर, वाडगा घेऊन खातो. घरच्यांना वाटतं, यानं जेवणच नाही, आम्हालाही सोडलं.

नीलूने तोडगा सांगितला तो मला फार व्यवहारी वाटला. वेगळा बाजार नको, वेगळा कप्पा नको. घरात जी भाजी येणार आहे तीच. गाजर, कोबी, टोमॅटो फोडणीत पडायच्या आधी तुझा वाटा बाजूला काढायचा. चिरायचं तू, आणि फक्त तुझं नाही, सगळ्यांचंच. ओट्याशी अर्धा तास तू उभा राहिलास की तुझ्या आहाराबद्दल कुणी ब्र काढणार नाही. आदल्या रात्रीच आईला सांगायचं, उद्या माझं धरू नका, आणि सांगितल्यावर ऐनवेळी भूक लागली तरी फळावर भागवायचं; एकदा जरी कुकरमध्ये हात घातलास की ती आयुष्यभर पाचाचंच माप लावेल. बसायचं सगळ्यांबरोबर. वाहत्या पाण्याखाली धुवायचं, नुसतं मिठाच्या पाण्यात बुडवून जंतू मरत नाहीत. आणि दिवसातलं एक जेवण शिजलेलं घ्यायचं, डाळ-कडधान्याचं.

"मग ते रॉ फूड कसलं?" गोट्या उसळला. "अर्धवट व्रत!"

"व्रत कुणी सांगितलंय? माणूस जगवायचाय."

पम्याने एका जेवणाचं कबूल केलं नाही. म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. राजमा मात्र त्याने तिथूनच घरी फोन करून शिजवायला सांगितला. पलीकडून आईने काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण पम्या दोनदा "नाही, मी नाही खाणार" म्हणाला आणि तिसऱ्यांदा नुसतंच "बघतो."

त्यानंतर तो भेटला तेव्हा उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. चिरायचं त्याच्याकडे आलंय. आई आता चारांचं लावते, पण त्याच्या ताटातली गाजरं आणि काकडी आधी मुलगी संपवते, मग वहिनी, आणि वडीलही कवळी सांभाळत हात मारतात. त्यामुळे हा पठ्ठ्या दुसऱ्यांदा चिरायला उठतो. त्या एका शिजलेल्या जेवणाबद्दल विचारलं तर म्हणतो, अजून ठरलेलं नाही. रिपोर्ट आलाय, बी-१२ कमी आहे, गोळ्या सुरू आहेत. गोट्याचं म्हणणं, ते आधीपासूनच कमी असणार. नीलू म्हणते, तीन महिन्यांनी परत तपासू. अण्णांनी चांगल्या सुरीला धार कुठे लावून मिळते ते सांगितलं.