नवतप्याआधी कूलरला हात लावू नका

नागपुरात उन्हाळा अचानक येतो. दरवर्षी येतो, होळी झाली की येतो, तरी अचानकच येतो. त्यामुळे भर मे महिन्यात कूलर बंद पडणं ही नैसर्गिक आपत्ती धरायला हवी. या विषयात माझी बरीच वर्षांची साधना आहे, म्हणून हा सल्ला देतोय.

मुख्य पथ्य असं की मार्चमध्ये कूलरकडे बघायचंसुद्धा नाही. मार्चमध्ये कूलरवाला मोकळा असतो, कूलरच्या बाजूंना लावायच्या गवताच्या ताट्या मिळतात, पंप मिळतो, वर तो 'भाऊ, चहा घेता का' असंही विचारतो. अशा माणसाकडून काम करून घेण्यात काय मजा? नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागू द्या. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तो मुहूर्त साधून कूलरवरची जुनी चादर ओढा. ताट्यांमधलं गवत क्षारांनी पापडासारखं कडक झालेलं असेल. टाकीचा तळ गंजलेला असेल. पंपाशेजारी एक पाल चिरनिद्रा घेत असेल. आता बटन दाबा. नुसता 'घूंऽऽ' आवाज आला आणि पंखा जागचा हलला नाही, तर बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेला. शेजारचे काका लगेच येतील, केरसुणीच्या काडीनं पातं ढकलतील, ते फिरेलही, आणि कूलर दुरुस्त झाल्याचं जाहीर करून काका पन्हं पिऊन जातील. पातं पुन्हा थांबेपर्यंत काकांच्या घराचं दार लागलेलं असेल.

मग फोन करा. मार्चमध्ये ज्याला आपण 'अबे' म्हणतो त्याला मेमध्ये 'दादा' म्हणायचं असतं.

"येऊन राहिलो ना भाऊ, सक्करदऱ्यात आहो. दहा मिनटं."

तासाभरानं तो मानेवाड्यात असतो. संध्याकाळी जरीपटक्यात. नागपूर एवढं मोठं आहे हे मला त्याच्यामुळे कळलं. गेल्या वर्षी माझा कूलरवाला चार दिवस 'रस्त्यातच' होता. त्या चार दिवसांत आम्ही खिशात कांदे ठेवले, गच्चीवर पाणी मारलं, ओल्या चादरी पांघरल्या आणि एकमेकांशी कमीत कमी बोललो.

वाट बघताना तापमानाचा आकडा जवळ ठेवा, आणि थोडा वाढवूनच सांगा. सोनेगावच्या वेधशाळेत 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते, पण इतक्यावर आता कोणी हळहळत नाही. त्यापेक्षा 2024 चा मे महिना काढा. इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश दाखवले होते आणि देशभर आपलं नाव झालं होतं. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. म्हणजे त्या उन्हात सरकारचंही यंत्र बिघडलं होतं. त्यांचाही दादा सक्करदऱ्यातच असणार.

कूलर कसाबसा सुरू झाला, की पुण्याचा पाहुणा येतो आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतो. त्याला अडवू नका. ताट्यांमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. ती दमट झालेली हवा खिडकीतून बाहेर गेली तरच हे चालतं. पण हे तोंडानं सांगून पटत नाही. अर्ध्या तासात खोलीची न्हाणी होते, तेव्हा पाहुणा आपणहून उठून खिडकी उघडतो.

आता एका ठिकाणी मला थट्टा जमत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भाच्या पेपरांत कोपऱ्यात ती बातमी असते: कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का. बहुतेकदा घरातली बाई, नाहीतर लहान मूल. पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे मात्र मार्चमध्येच करा. झालं, पुढे चला.

तुमच्याकडे एसी असेल तर तुमची आपत्ती जरा वरच्या दर्जाची. दुकानातून आलेल्या एसीवर 24 अंश लावून ठेवलेले असतात, 2020 पासून तसा नियमच आहे. घरी आल्याबरोबर ते 16 करा. त्यानं खोली लवकर गार होत नाही, पण आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. जाळी धुऊ नका. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात टांगा आणि 'दिसायला बरं नाही' म्हणून त्याला चहूबाजूंनी पत्रा ठोका. दुपारी तीनला कॉम्प्रेसर तापून बंद पडला, की कंपनीला शिव्या द्यायला तुम्ही मोकळे.

मेकॅनिक आला की तो नळ्यांना हात लावून म्हणेल, "गॅस संपला." लगेच पैसे काढा. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो, तो काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, असल्या शंका मनात आणू नका. 'गळती कुठे आहे?' हे तर मुळीच विचारू नका. विचारलंत तर बिचाऱ्याला ती शोधावी लागेल. न शोधता भरलेला गॅस म्हणजे पुढच्या मेचं आगाऊ बुकिंग.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर हवा इतकी दमट होते की कूलर असला काय, नसला काय. टाकीतलं पाणी तसंच राहू द्या. डेंग्यूच्या डासाला असं स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं, आणि महापालिकेच्या माणसाला टॉर्च मारून बघायला काहीतरी हवंच.

माझा दादा गेल्या वर्षी नेमका त्याच दिवशी आला. बाहेर धो धो पाऊस, दारात रेनकोटमधून पाणी गाळत तो उभा. "भाऊ, आता पंपही बदलून टाकू का? सीझन गेला, कमी पैशात होते."

मी म्हटलं, "राहू दे. उन्हाळ्याला अजून लय वेळ आहे."