शेजारच्या इमारतीची सावली आणि कचेरीचं वीजबिल

तालुक्याच्या गावी कचेरीला लागून तीन मजली कॉम्प्लेक्स उभं झालं की ओरड सुरू होते: उजेड गेला, आता दिवसभर ट्यूबलाइट जाळा! विदर्भाच्या उन्हाळ्यात हा हिशोब चुकीचा आहे. चार एलईडी ट्यूब मिळून ८० वॉट घेतात. दीड टनाचा एसी १५०० च्या आसपास. सावलीनं एसीचं काम थोडं जरी हलकं झालं तरी ट्यूबचा खर्च निघतो.

मात्र सावली कुठे पडते ते पाहा. छतावर तिचा भरवसा नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा शेजारच्या इमारतीचा छताला काडीचा उपयोग नाही. पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि तीन-चारच्या सुमारास खाली उष्णता सोडू लागतो. त्याला चुन्याचे दोन हात हवेत, तेही दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण पावसात चुना धुऊन जातो.

सावलीची खरी कमाई पश्चिमेच्या खिडकीवर. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत कचेरीला कुलूप लागलेलं असतं. काचेतून ते त्याच क्षणी येतं. छज्जा संध्याकाळचं तिरपं ऊन अडवत नाही आणि आतला पडदा उशिरा अडवतो, ऊन काचेच्या आत आलं की उष्णताही आतच राहते. मे महिन्यात सव्वाचारला सावली उंचीच्या दीडपट लांब असते, म्हणजे २० फुटांच्या इमारतीची ३० फूट. सूर्य तेव्हा ठीक पश्चिमेला नसतो, थोडा वायव्येकडे झुकलेला असतो. त्या बाजूला आडोसा नसेल तर खिडकीबाहेर बांबूचा तट्टा किंवा हिरवी नेट बांधा.

दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात एसीचं बाहेरचं युनिट मात्र बसवू नका. सावली आहे म्हणून हमखास तिथेच लावतात! त्यानं फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत त्यातच शिरते, थंडावा कमी होतो आणि मशीन जास्त वीज ओढतं. कूलरचंही तसंच. समोरची खिडकी बोळात उघडत असेल आणि हवा निघायला वाट नसेल, तर खोली नुसती दमट होते.

पार्किंगसाठी पश्चिमेचा कडुनिंब तोडायचे ठराव होतात, त्याचा फार त्रास होतो. हे झाड फाल्गुनाच्या आसपास पानं टाकतं आणि मे येईस्तोवर पुन्हा गच्च भरतं, नेमकं हवं तेव्हा. ठराव मांडण्याआधी मे महिन्यात चार वाजता त्याची सावली भिंतीवर कुठवर येते ते खडूनं आखा आणि त्या आत किती खिडक्या येतात ते सभेत सांगा.