१९५० चं खापर अनवाणी पायांवर फोडू नका

वर्ल्ड कप जवळ आला की नागपूर-कामठीच्या फुटबॉलवाल्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. ‘१९५० साली भारत वर्ल्ड कपला पात्र ठरला होता. पण आपली पोरं अनवाणी खेळायची. फिफाने बूट सक्तीचे केले. आपल्याकडे ना बूट होते, ना ब्राझीलला जायला पैसे. म्हणून संघ गेला नाही.’ हौशी क्लबची स्मरणिका काढायला बसलं की जुन्या खेळाडूंच्या अनवाणी फोटोखाली हेच वाक्य टाकायचा मोह होतो. ते टाकू नका.

‘पात्र ठरला’ हे खरं आहे, पण कसा ते सांगायला हवं. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतली आणि एकही पात्रता सामना न खेळता जागा आपल्याकडे आली.

आता बूट. ३१ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला आणि १-२ असा हरला. त्या अकरा जणांत आठ अनवाणी होते आणि तिघांच्या पायांत बूट होते. म्हणजे बूट मिळतच नव्हते, हेही खरं नाही. फिफाच्याच नियमांवर झालेल्या त्या सामन्यात कोणी अडवलं नाही. शिवाय १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही आपले बरेच खेळाडू अनवाणीच उतरले. १९५० मध्ये फिफाने बंदी घातली असती, तर दोन वर्षांनी हे चाललं असतं का? बुटांची सक्ती झाली ती हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० हरल्यावर, आणि ती केली आपल्याच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने.

त्या काळचा नियम पाहिला तर त्याला धास्ती होती ती बुटांचीच. स्टड, म्हणजे बुटाच्या तळव्याखालचा उंचवटा, चामड्याचा किंवा मऊ रबराचा, गोल, किमान अर्धा इंच व्यासाचा हवा. तळव्यापासून फार बाहेर येता कामा नये. खिळे चामड्यात पूर्ण बुडलेले हवेत, नाहीतर समोरच्याची नडगी फाटायची.

अनवाणी खेळणं म्हणजे नुसती गरिबी, हा समजही सोडायला हवा. घोट्याला आधार देणारं अँकलेट किंवा घट्ट पट्टी बांधून, बोटं मोकळी ठेवून खेळणाऱ्याला कोरड्या मैदानावर चेंडूचा अंदाज चांगला येतो. त्या वेळचे बूट जाड चामड्याचे, घोट्यापर्यंत येणारे आणि जड असत. बेत बिघडतो तो पावसात. चेंडूचं वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ३९६ ते ४५३ ग्रॅम, हा त्या काळचा नियम सामना सुरू होतानाच्या वजनाचा. चामडं पाणी प्यायलं की तोच चेंडू दगडासारखा लागतो आणि उघड्या पायाला पकड उरत नाही. आपल्याकडची काळी माती ज्याने तुडवली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात ती बुटाच्या स्टडमध्ये गच्च बसून बूटही निकामी करते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून अशी कडक होते की उघडा पाय सोलून निघतो.

पैशांचं कारणही टिकत नाही. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची तयारी ब्राझीलने दाखवली होती. आणि लांबचा जहाजप्रवास ही अडचण म्हणावी, तर १९४९ च्या सुपर्गा विमान अपघातात तोरिनो या क्लबचा संघ गमावलेला इटली विमान टाळून ब्राझीलला जहाजानेच गेला.

कोणी म्हणतात, वर्ल्ड कप खेळलो असतो तर खेळाडूंचा हौशी दर्जा जाऊन ऑलिम्पिकची दारं बंद झाली असती, कारण तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. हौशी क्लबांनी हा मुद्दा नीट पाहावा, कारण त्याचं उत्तर भारताच्याच गटात होतं. गटात स्वीडन, इटली आणि पराग्वे होते. स्वीडनने परदेशी क्लबांत व्यावसायिक झालेले आपले मोठे खेळाडू घरी ठेवले आणि निव्वळ हौशी संघ नेला. त्या संघाने इटलीला ३-२ हरवलं आणि वर्ल्ड कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. त्यातले गोलरक्षक कार्ल स्वेन्सन आणि बचावपटू एरिक निल्सन १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. हौशी दर्जा कुठेही आडवा आला नाही.

मग संघ का गेला नाही? महासंघाने संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला कमी वेळ ही कारणं दिली. संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं की त्या वेळी सगळ्यांसाठी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होतं, वर्ल्ड कपचं महत्त्व कोणाला फारसं कळलंच नव्हतं. निर्णय टेबलामागच्या पदाधिकाऱ्यांचा होता. ज्यांनी त्या पायांनी फ्रान्सला शेवटच्या मिनिटांपर्यंत बरोबरीत रोखलं, त्यांच्यावर तो ढकलणं हा अन्याय आहे.

स्मरणिकेत अनवाणी संघाचा फोटो जरूर छापा. अँकलेट दिसत असेल तर फोटोखालच्या ओळीत तसं लिहा, कोणाच्या पायांत बूट असतील तर तेही लिहा. सामन्याचं साल आणि मैदान कळत असेल तर द्या. १९५० चा उल्लेख करायचाच असेल तर एवढाच करा: ‘जागा मिळाली होती, महासंघाने संघ पाठवला नाही.’