गाडी जॅकवर, सोसायटी डोक्यावर

जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे लोक गाडी चालू असताना कौतुकाने बघतात आणि गाडी जॅकवर असली की कीव करतात, आणि आमची पद्मिनी आता जॅकवर होती. पुढून डावीकडे कुंईं कुंईं आवाज, स्टेअरिंग ढिलं, आणि स्पीडब्रेकर आला की चौथ्या मजल्यापर्यंत कळायचं की हे आले ऑफिसातून. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचे, बुश गेलेत हे उघडच होतं.

पूर्वी यात काही विशेष नव्हतं हो. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर कुठल्याही झाडाखाली किंगपिन करून देणारा एखादा चाचा सापडायचाच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओला रजिस्टर झाली, २० वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि टॅक्सीमागोमाग चाचापण दिसेनासे झाले. आता नवीन गॅरेजात नेली तर पोरगा आधी स्कॅनर कुठे लावायचा ते शोधतो. म्हणून म्हटलं आपणच खोलू. गाडी जन्मली कुर्ल्यात, पार्टही कुर्ल्यातच सीएसटी रोडच्या दुकानांतून उकरून आणले, म्हणजे माहेरचाच आहेर.

आता आपल्याकडे पद्धत अशी की कुणी गाडी जॅकवर चढवली की रविवारची सगळी पुरुषमंडळी खाली उतरतात, आणि यायचं म्हणजे सल्ला घेऊनच यायचं. मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा ढिले केले, तर तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, एवढी पूजा कशाला, डायरेक्ट उचला की!" उचलली. मग चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोडी, म्हणजे जॅकस्टँड, लावायला लागलो तर काकांनी उत्साहाने कुठूनसा सिमेंटचा पोकळ ब्लॉक आणला. काका, पोकळ ब्लॉक भिंतीत बरा, गाडीखाली तो न सांगता फुटतो, आणि ही गाडी ९०० किलोच्या आसपास आहे, म्हटल्यावर ते ब्लॉकवर बसले आणि मग शेवटपर्यंत तिथेच बसले, चला, ब्लॉकचा काहीतरी उपयोग झाला. काढलेलं चाकही मी गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, घोडी सटकलीच तर गाडी आधी चाकावर बसेल. एवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, "अहो, विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत?" आमच्या घरात विश्वास असा व्यक्त होतो.

टाय रॉडच्या एंडला, म्हणजे स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाला, सगळ्यांचा जीव लागून राहिला. त्याची पिन टेपर म्हणजे निमुळती असते, भोकात घट्ट बसलेली. काकांचं म्हणणं, वरून पिनच्या टोकावर हाणा. टोकावर हाणलं की ते पसरतं, आटे जातात आणि नट परत कधी चढत नाही. नट दोन-चार आट्यांवर ठेवायचा आणि स्टेअरिंगच्या ज्या आर्मच्या भोकात पिन बसलीय त्या भोकाच्या कडेला आडवा ठोका द्यायचा, समोरून दुसरा जड हातोडा टेकवून. टक्क करून सुटतं. सुटल्यावर काका म्हणाले, "मी तेच सांगत होतो."

पण खरी भीती स्प्रिंगची. गंजलेला नट फार तर पाना सटकवून बोटं सोलेल, दाबलेली कॉइल स्प्रिंग मात्र गाडीचं वजन रात्रंदिवस डोक्यावर घेऊन बसलेली असते आणि तिला मोकळं व्हायचंच असतं, कुणाच्या तोंडावर ते ती बघत नाही. म्हणून शॉकॲबसॉर्बरला हात लावायच्या आधीच दुसरा जॅक सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली, म्हणजे स्प्रिंग ज्यावर टेकते त्या दांड्याखाली, कारण आर्म खाली लटकू न देण्याचं काम बऱ्याचदा तोच शॉक करत असतो. स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधली. ब्रेकचा ड्रम तारेने वर टांगला, नाहीतर सगळं ओझं बिचाऱ्या ब्रेकच्या रबरी पाइपवर. आणि मग जॅक सोडायचा, हळू, म्हणजे इतका हळू की दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने यूट्यूबवर हेच काम होताना दोनदा बघून घेतलं आणि मला म्हणाला, "अंकल, व्हिडिओत १० मिनिटांत होतं." मी म्हटलं, बाळा, व्हिडिओत कापतात.

सगळे जरा मागे सरकले, हा एकच सल्ला त्यांनी न देता पाळला. जॅक उतरत गेला, आर्म उतरत गेला, स्प्रिंग सैल पडली, जरा हलवली आणि हातात आली. काही उडालं नाही, काही फुटलं नाही, कुणी ओरडलंपण नाही. मंडळींचे चेहरे पडले. "एवढंच?" काका ब्लॉकवरून उठत म्हणाले. आणि जाता जाता विचारून गेले, उजवी बाजू कधी खोलणार, म्हणजे त्या दिवशी नाष्टा लवकर उरकून येतो.