गेमिंग कन्सोलची कंपनी काढताय? मग मेंबरशिपचे प्लॅन असे पाडा

मशीन विकून किती मिळणार? खरी मलई मेंबरशिपमध्ये, आणि ती पण तीन थरांची पाहिजे.

आधी नावं ठरवा. नावावरून कुणाला काही कळता कामा नये. सोनीने २०२२ मध्ये आपल्या प्लेस्टेशन प्लस मेंबरशिपचे इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि प्रीमियम केले, आपल्याकडे त्यांचं क्लाउड स्ट्रीमिंग (गेम डाउनलोड न करता थेट नेटवरून खेळणं) नव्हतं म्हणून वरच्याचं नाव डिलक्स. एक्सबॉक्सवाल्यांनी त्यांच्या गोल्ड मेंबरशिपचं कोअर केलं, २०२५ मध्ये कोअरचं इसेन्शियल आणि स्टँडर्डचं प्रीमियम. म्हणजे एकाकडे प्रीमियम सगळ्यात वर, दुसऱ्याकडे मधे. गिऱ्हाईक चक्रावलं की गुपचूप मधला प्लॅन घेतं.

जे आधी फुकट होतं त्याला पहिलं कुलूप लावा. पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर ऑनलाइन खेळायला पैसे पडत नव्हते, २०१३ ला पीएस४ आला आणि पडायला लागले. लोक चार दिवस ओरडतात.

क्लाउड सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला ते नेटवर साठवणं, तेसुद्धा पैसे भरणाऱ्यालाच.

भाववाढ नेहमी गोड बातमीच्या तळाशी. २०२३ मध्ये प्लसचा वर्षाचा इसेन्शियल अमेरिकेत ५९.९९ वरून ७९.९९ डॉलर झाला, तो पुढच्या महिन्याच्या गेम्सच्या घोषणेखाली. शिकून घ्या.

आता मुख्य कला, कॅटलॉग, म्हणजे मेंबरशिप आहे तोवर खेळायला मिळणाऱ्या गेम्सची यादी. चारशे गेम्स आहेत म्हणून जाहिरात करा, कुठला कधी जाणार ते मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा. गिऱ्हाईकाने एखादा लांबलचक आरपीजी (कथेतलं पात्र होऊन खेळायचा गेम) सुरू करावा, पोरं झोपल्यावर रोज तासभर खेळत पार शेवटच्या बॉसपर्यंत पोचावं, मधे सेल लागला म्हणून त्याची डीएलसी पण विकत घ्यावी (म्हणजे गेमला जोडायचा जादा भाग, ती मेंबरशिपमध्ये नसते हो, तिचे पैसे वेगळे), आणि मग एका मंगळवारी रात्री आयकॉनवर कुलूप. सेव्ह आहे, डीएलसी आहे, लायब्ररीत ऐटीत 'पर्चेस्ड' लिहिलंय, पण मूळ गेमच नाही तर ती चालवू कशावर, डोक्यावर? सपोर्टला चॅट केलं तर 'असुविधेबद्दल क्षमस्व' आणि गेमची फुल प्राइसची लिंक. ज्या कंपनीला मी दर वर्षी न चुकता पैसे भरतोय तिने मला माझाच अर्धवट गेम परत विकायला काढला!

बाय द वे, जुने गेम्स अजून वरच्या थरात टाका. निन्टेन्डोने त्यांच्या जुन्या एन६४ कन्सोलचे टाकले, वर्षाचे १९.९९ चे सरळ ४९.९९ डॉलर.

बास झालं आता सल्ले. अरे, लाज वाटत नाही का रे? गेम काढायचा करार आधीच झालेला असतो, तारीख तुम्हाला माहीत असते, मग त्याच आठवड्यात त्याची डीएलसी सेलला लावून कशाला विकता? डीएलसी विकत घ्यायचं बटण दाबायच्या आधी एक ओळ लिहायला काय जातं, की बाबा हा गेम अमुक तारखेला जाणार आहे? आणि नसेल लिहायची, तर माझे डीएलसीचे पैसे परत करा. वॉलेट क्रेडिट नको, बँकेत.